उपाशीपोटीचा आकडा

माशेलात चाळीस वर्षं मी खाजं केलं.
जत्रेच्या आदल्या रात्री कायलीत गूळ उकळायचा,
अंगठा आणि तर्जनीत पाक धरून
मी तार बघायचो: एक, दीड, दोन.
घड्याळ लागलं नाही कधी.
आता त्याच तर्जनीला रोज पहाटे सुई.
थेंब येतो, पट्टी तो पिते,
आणि काडेपेटीएवढं यंत्र
मला माझ्याच पाकाची तार सांगतं.

डॉक्टर शमिका लोटलीकर, माझ्या नातीच्या वयाची.
म्हणाली, आकडा लिहा, किती चाललात ते लिहा,
आणि रोज आरसा धरून तळवे बघा.
सदुसष्ट वर्षं ह्या पायांवर उभा आहे,
त्यांची खालची बाजू परवा पहिल्यांदा पाहिली.
भेगा, काच लागल्याची एक पांढरी रेघ.
कुणा परक्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं.

वही दुकानातलीच घेतली, उधारीची.
पावलं जमेला, साखर नावे.

मग एका मंगळवारी दोनशे अडुसष्ट.
रात्री नुसती पेज, करमलाचं लोणचं.
गोडाचा कण नाही, देवाशप्पथ.
डॉक्टर विचारते, त्या दिवशी काय झालं?
काही नाही.
काहीच नाही कसं?
मामलेदाराची नोटीस आली होती.
दुकानामागच्या भिंतीवर हक्क सांगतोय भाऊ.
रात्रभर छताकडे बघत होतो.
ती म्हणाली, मग तेही लिहा.
वही ओढून घेऊन तिनं पट्टीनं
तिसरा रकाना आखला. वर नाव घातलं नाही.

सकाळी चालायला कायतान असतो.
सव्वीस वर्षं बोटीवर कुक.
म्हणतो, माझी साखर रॉटरडॅमला चढली
आणि उतरायचं बंदर विसरली.
आम्ही बांधावरून मानशीपर्यंत जातो,
तिथे चिखलात कधीकधी मगर पडलेली असते,
तोंड उघडं, कुणाशी भांडण नसल्यासारखी.
जाताना मी कपेलाकडून वळसा घेतो,
सगुणचं दार नको म्हणून.
कायताननं एकदा मोजलं:
चारशें पावलां चड, तुज्या रागाचीं.
फुकट वचूंक नात, जमेक घाल.
मी हसलो. परतताना हसू आलं नाही.

पुढल्या आठवड्यात कपेलाची वाट नळासाठी खणली.
पाय त्या दारावरून गेले.
सोप्यावर सगुण, पाय स्टुलावर,
अंगठ्याला पांढरं बँडेज.
अकरा वर्षं.
त्यानं माझ्याकडे नाही, माझ्या बुटांकडे बघितलं.
किती?
कशाबद्दल विचारतोय ते कळलं.
एकशे बत्तीस.
उपाशीपोटी?
उपाशीपोटी.
तो गप्प. मग म्हणाला, माझी दोनशे चाळीस.
मग बऱ्याच वेळानं,
बाच्या मुंग्या आठवतात?

आठवतात.
माडाच्या मुळाशी बा लघवीला बसायचा,
उठला की तिथे मुंग्यांची रांग लागायची.
आम्ही दोघं काडी घालून रांग मोडायचो,
खो खो हसायचो.
बाला काय झालं होतं हे घरात कुणाला माहीत नव्हतं.
आई म्हणायची, खाजेकाराचा घाम, गोड असणारच.

कायतान पुढे निघून गेला होता,
मगरीला शीळ घालत.
मी सोप्यावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल
एवढी जागा सोडून.
त्याला चालायची बंदी, अंगठा भरेपर्यंत.
तळवे बघत जा म्हटलं, आरसा धरून.
म्हणाला, वाकवत नाही.
म्हटलं, मग कुणाला तरी सांग.
कुणाला, असं त्यानं विचारलं नाही.

सोळा तारखेला मामलेदारापुढे उभे राहणारच आहोत,
भिंत आहे तिथेच आहे.
दुसऱ्या दिवशीचा आकडाही उतरला नाही,
चारनं वरच.
वही उघडली. पावलं कमी पडली होती, लिहिली.
तिसऱ्या रकान्यात काय घालावं ते सुचेना.
बराच वेळ पेन्सिल धरून बसलो.
मग लिहिलं, सगुण.
आणि त्याच्यापुढे त्याचा आकडा.